निळ्या काठाचा ग्लास

“नेहमीचंच ना?” बारटेंडरने विचारलं आणि मी हो म्हणालो. वास्तविक त्या बारमध्ये मी जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. त्या गावातही कामाशिवाय कधी गेलो नव्हतो. आमच्या शहराला चिकटूनच आहे ते, पण तिथली माणसं वेगळी राहतात आणि आपण वेगळे राहतो याचं त्यांना कौतुक आहे. फुटपाथवर एक खड्डा नाही. झाडं एका उंचीला कापलेली. कुत्र्यांना फिरवायला माणसं ठेवलेली, आणि ती माणसंही कुत्र्यांइतकीच विंचरलेली. संध्याकाळचं ऊन अजून रस्त्यावर होतं. दार ढकलून आत आलो तेव्हा डोळे दिपले होते, त्यामुळे प्रश्न मलाच विचारला आहे हे कळायला जरा वेळ लागला. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

‘हो’ का म्हणालो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या एका शब्दातून निघालं. मी पगारी गिऱ्हाईक आहे. हॉटेलांचे, बारचे, दुकानांचे मालक आमच्या कंपनीला सांगतात, की आमच्याकडे येणाऱ्याला काय अनुभव येतो ते गुपचूप बघून कळवा. मग कंपनी मला पाठवते. मी जातो, बसतो, खातो, पितो, संडासातला साबण बघतो आणि घरी येऊन सगळं कळवून टाकतो. कुणाच्या लक्षात राहायचं नाही, हे या धंद्यातलं पहिलं पथ्य. म्हणून एका जागी पुन्हा जायचं नाही. आणि कुणाची चूक झाली तर ती दुरुस्त करायची नाही. सूप मागवलं आणि सॅलड आलं, तर सॅलड खायचं. कुणी म्हणालं, आपलं कालच बोलणं झालं, तर झालं म्हणायचं. गिऱ्हाईक गप्प बसलं तर चूक कुठवर जाते, हेच तर मालकाला बघायचं असतं. इतकी वर्षं हे केल्यावर ‘हो’ माझ्या तोंडून आपोआप निघतं. बायको घर सोडून गेली तेव्हा दारात बॅग ठेवून तिने विचारलं होतं, तुला चालेल ना म्हणून. तेव्हाही मी हो म्हणालो होतो. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग गेली.

बार म्हणजे पूर्वीची लाँड्री होती. ते लपवायचं सोडून त्यांनी मिरवलं होतं. हल्ली तशीच फॅशन आहे. कपडे टांगून फिरवायची छताखालची साखळी तशीच ठेवलेली, तिच्या आकड्यांना वेली लोंबत होत्या. भिंतींना अजून वाफेचा आणि स्टार्चचा पुसट वास होता, किंवा तोही त्यांनी विकत आणून शिंपडला असेल, सांगता येत नाही. मेनू नव्हता. बारटेंडर तुमच्याकडे घटकाभर बघतो, एखादा प्रश्न विचारतो आणि तुम्हाला काय हवंय ते तोच ठरवतो, अशी त्या जागेची ख्याती. काउंटरमागे भिंतभर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर ग्लास, एकासारखा दुसरा नाही. नेहमी येणाऱ्याने आपला ग्लास घरून आणून इथे ठेवायचा, अशी तिथली रीत. कुणाचा जाड बुडाचा पेला, कुणाचा कान तुटलेला मग, कुणाचं लहानपणी दूध प्यायचं भांडं. नवख्या माणसाला बारच्या साध्या ग्लासात देत. बारटेंडरने माझ्याकडे पाठ केली, हात उंच केला आणि वरच्या फळीवरून एक ग्लास न शोधता काढला. पातळ काचेचा, उभट, आणि काठावर निळी रेघ.

तसे ग्लास आमच्या घरी होते. म्हणजे तशा रेघेचे ग्लास लाखो घरांत असतील, मी काही लगेच घाबरलो नाही. आमच्याकडे चौघांचे चार होते: अण्णांचा, आईचा, ताईचा आणि माझा. माझ्या ग्लासाच्या बुडात हवेचा एक बुडबुडा अडकला होता, तांदळाच्या कणीएवढा. पाणी संपत आलं की तो दिसायचा आणि मला वाटायचं, एखाद्या दिवशी तो सुटून वर येईल. तो ग्लास माझ्याच हातून फुटला. आईने काचा कागदात गुंडाळल्या, अण्णा एवढंच म्हणाले की पाय जपून टाक. नवा कधी आणलाच नाही. पुढे मी त्या घरात पाहुण्यांच्या ग्लासातून पाणी प्यायलो, फुलांची नक्षी असलेल्या जाड, आखूड ग्लासांतून, आणि ताई मला चिडवायची, पाहुणे आले, पाहुण्यांना पाणी द्या. आईसुद्धा हसायची. ते चिडवणं मला तेव्हा लागायचं नाही असं मी समजत होतो. बारटेंडरने संत्र्याची साल काडीने पेटवून ग्लासावर धरली, एक ठिणगी उडाली, आणि त्या उजेडात ग्लासाच्या बुडातला बुडबुडा मला स्पष्ट दिसला.

मी प्यालो. दुसरं काय करणार होतो? आधी कडू लागलं, मग खारट, मग खोकल्याच्या औषधाची ती चिकट गोडी, आणि घोट उतरून गेल्यावर नाकात पेन्सिलीला टोक करताना येतो तो लाकडाचा वास. अण्णा नकाशे काढायच्या खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या खिशातून, बोटांतून, सदऱ्याच्या बाहीतून तो वास यायचा. आम्ही भावंडं त्यांच्या अंगाला अंग लावून बसायचो ते त्या वासासाठी. मी ग्लास खाली ठेवला, आणि हे पेय आपल्याला आवडलं नाही असं मनात नोंदवत असतानाच मी पुन्हा उचलून घोट घेतला. शेजारच्या स्टुलावर एक बाई येऊन बसल्या. दातांच्या डॉक्टर आहेत हे नंतर कळलं. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायच्या. त्यांनी माझ्या पाठीवर हलकी थाप मारली आणि विचारलं, “काय प्रोफेसर, वडील कसे आहेत?”

ठीक आहेत, म्हणालो. हे खरं होतं, निदान खोटं नव्हतं. मला वडील होते आणि ते ठीक होते. फक्त ते मला ओळखत नव्हते. आई गेल्यावर अण्णा हळूहळू एकेक खोली बंद करत मागे सरकले होते, आणि गेल्या वर्षापासून मी त्यांच्यासाठी ऑफिसातून आलेला कुणी साहेब झालो होतो. ताई परदेशात, ती फोनवर ऐकू यायची म्हणून की काय, तिचा आवाज ते ओळखत. मी समोर बसायचो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, आणि मला ते विचारायचे, साहेब, आपलं काम काय काढलंत? मी रविवारी जायचो. तासभर बसायचो, मग मला धाप लागल्यासारखं व्हायचं आणि मी उठायचो. आपल्याला ज्याने जन्म दिला त्याने आपल्याशी अदबीने बोलावं यासारखी भीती नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि इथे एक अनोळखी बाई माझ्या दातांकडे बघत म्हणत होती, “तुम्ही किती करता हो त्यांचं. रोज जायचं, रोज तेच बोलायचं, आणि चेहऱ्यावर कंटाळा नाही. माझ्याने नसतं झालं.”

त्या रात्री मी कंपनीला कळवलं ते अगदी नेमकं होतं: जागा उत्तम, साबण चांगला, कर्मचारी गिऱ्हाइकाची गल्लत करतात. शेवटचं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं. आता खरं तर कानाला खडा लावून तिकडे फिरकायचं नव्हतं. पण मधले दोन-तीन दिवस माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, जिथे त्या बाईंनी थाप मारली होती तिथे, एक ऊब तशीच राहिली. आंघोळ केली तरी जाईना. आपल्याला कुणी शेवटचं कधी हात लावला होता हे मी आठवून पाहिलं. न्हावी सोडला तर नाव सुचेना. आणि मी पुन्हा गेलो.

मग जातच राहिलो. बार उघडला की उतरत्या उन्हात मी दारात. बारटेंडर वर बघायचा नाही, हात मात्र वरच्या फळीकडे जायचा. घरं विकणारं एक जोडपं यायचं, दोघांचे ग्लास दोन टोकांना ठेवलेले, दोघं माझ्याशी बोलायची, एकमेकांशी नाही. दातांच्या डॉक्टर यायच्या. त्यांच्या बोलण्यातून हा प्रोफेसर कोण ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. तो इथून उठून रोज वडिलांकडे जातो. वडील त्याला ओळखत नाहीत, पण तो हिरमुसत नाही. ते साहेब म्हणाले तर हा साहेब होतो, पोस्टमन म्हणाले तर पोस्टमन. त्यांच्याबरोबर बसून पेन्सिलींना टोकं करतो, डबाभर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडक्या पेन्सिली घेऊन जातो. मी हे ऐकायचो आणि मान हलवायचो. पुढे मान हलवून भागेना, तेव्हा मी भर घालू लागलो. काल ते हसले, म्हणालो. काल त्यांनी माझा हात धरला. ते जोडपं आपापल्या टोकावरून डोळे पुसायचं. मलाही भरून यायचं, आणि ते नाटक नव्हतं. निळ्या काठाच्या त्या ग्लासातून पिताना मला खरोखर वाटायचं की मी इथून उठून अण्णांकडे जाणार आहे. उठल्यावर मात्र संध्याकाळ संपलेली असायची, डोकं जड असायचं, आणि मी सरळ घरी येऊन झोपायचो. रविवारही तसेच गेले. बार रविवारी लवकर उघडायचा.

एकदा ताईचा फोन आला. तिची नेहमीची चौकशी असेल या भीतीने मी आधीच सबब जुळवत होतो, की कामाचा फार रेटा आहे, येत्या रविवारी नक्की. पण तिचा आवाज ओला होता. म्हणाली, अण्णांशी बोलले आत्ता. किती खूश आहेत रे. म्हणत होते, मुलगा रोज येतो, आम्ही दोघं मिळून काम करतो. पहिल्यांदा ‘मुलगा’ म्हणाले रे ते, किती महिन्यांनी. तुझ्याबद्दल मी वाईट विचार करत होते, माफ कर मला. अण्णांचं ते असंच, काहीही बोलतात, असं तिला सांगून टाकावं असं मनात आलं. तोंडातून मात्र निघालं, हो, जमेल तसं जातो. ती रडली. मी फोन ठेवला. अण्णांना भास होतो आहे हे उघड होतं. रिकाम्या खुर्चीशी बोलत असतील बिचारे. आणि तरीही माझ्या मनात जे उमटलं ती काळजी नव्हती. मला हेवा वाटला. माझ्या वडिलांच्या डोक्यात माझ्याऐवजी जो कुणी बसला होता त्याचा मला हेवा वाटला. मी घड्याळ बघितलं, बार उघडायची वेळ झाली होती.

तो त्याच संध्याकाळी आला. माझ्यासारखा दिसत नव्हता, हे आधी सांगून टाकतो. माझ्यापेक्षा उंच, केस विरळ, अंगात साधा करडा कोट, कोपरावर झिजलेला. दार उघडून तो उन्हाला पाठ करून उभा राहिला आणि बारटेंडरने त्याच्याकडे घटकाभर बघितलं, नव्या माणसाकडे बघतो तसं. पहिल्यांदाच आलात का, असं विचारलं. त्या माणसाची नजर भिंतीवरच्या फळ्यांवरून फिरली, वरच्या फळीवरच्या रिकाम्या जागेवर थांबली, मग खाली उतरून माझ्या हातातल्या ग्लासावर आली. “हो,” तो म्हणाला, “पहिल्यांदाच.” आवाजात राग नव्हता. तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला बारच्या साध्या ग्लासात काहीतरी दिलं. त्याने ते घेण्याआधी ग्लासाखालचा कागद बोटांनी सरकवून काउंटरच्या काठाला समांतर केला, मग रुमाल, मग काडेपेटी, सगळं एका ओळीत, एका अंतरावर. अण्णा जेवायला बसण्यापूर्वी वाट्या अशा लावायचे. नकाशावाल्या माणसाची खोड ती, आई म्हणायची, ताटात उत्तर-दक्षिण बघतात. मी माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्यासमोर सगळं विस्कटलेलं होतं.

दातांच्या डॉक्टर आमच्या पलीकडेच होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या मला विचारत होत्या, प्रोफेसर, आज पेन्सिली नाही आणल्या? तो माणूस ग्लासातलं हळूहळू पीत होता, आणि त्याच्या बाहीतून तो वास येत होता, लाकडाचा, कोरड्या, स्वच्छ लाकडाचा. मला त्याला म्हणायचं होतं, की ही तुमची जागा आहे, हे तुमचं नाव आहे, घ्या, मी उठतो, चूक माझी नाही पण मी ती दुरुस्त केली नाही. एवढं साधं वाक्य. आयुष्यात एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं तर. तो माझ्याकडे वळला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, आजाऱ्याला विचारावं तसं त्याने विचारलं, “बरं वाटतं ना इथे?”

“हो,” मी म्हणालो.

“मग बसा निवांत,” तो म्हणाला. “कुणीतरी जायला हवं ना तिकडे. मी जातो.”

तो उठला तेव्हा मी डोळे मिटले होते. कितीसा वेळ मिटले असतील? उघडले तेव्हा त्याचं स्टूल आत सरकवलेलं होतं, काउंटरच्या काठाला अगदी सरळ, आणि माझ्यासमोर कागदावर ओलं वर्तुळ होतं. त्यावर ग्लास नव्हता. बारटेंडरला विचारलं तर तो म्हणाला, धुवायला गेला असेल, आणि बारच्या साध्या ग्लासात त्याने माझ्यासाठी नवं भरायला घेतलं. साल पेटवण्याआधी तो थांबला. माझ्याकडे घटकाभर बघत राहिला. त्याच्या कपाळावर आठी आली, आठवत नसलेल्या गोष्टीची असते तशी. तो काही विचारायच्या आत मी बाहेर पडलो होतो.

अण्णांचं घर तिथून लांब नाही. इतके दिवस ते लांब आहे असं मी धरून चाललो होतो. त्या बारच्या रस्त्याने सरळ गेलं, की गाव संपून आमचं जुनं शहर सुरू होतं, झाडं वेडीवाकडी व्हायला लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर आमची इमारत. मी जवळजवळ धावत गेलो. ऊन अजून गच्च्यांवर होतं. जिन्यात मला कळलं की मला भीती त्या माणसाची वाटत नाही. तो चोर असता, वेडा असता, तर मी सुटलो असतो. त्याला हाकलून मुलगा झालो असतो. भीती वाटत होती ती याची, की तो चांगला माणूस असेल. बेल वाजवली. दार उघडलं त्या मावशी मी कधी पाहिल्या नव्हत्या. अण्णांचं बघणाऱ्या आधीच्या मावशी आपल्या गावी गेल्या, असं ताई कधीतरी बोलली होती. या नव्या. कोण पाहिजे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी त्यांचा मुलगा. मावशींनी दार थोडं लोटून घेतलं.

“मुलगा तर रोज येतात,” त्या म्हणाल्या. “आत्ताच गेले. तुम्ही जिन्यात बघितलं असेल की.”

आतून अण्णांचा आवाज आला, कोण आहे, येऊ द्या त्यांना. कितीतरी दिवसांनी तो आवाज इतका खणखणीत ऐकला. ते खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेली, सदऱ्याची बटणं नीट लागलेली. पायाशी वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर पेन्सिलींच्या सालपटांचा ढीग, काही अजून कुरळी, ताजी. त्यांच्या डोळ्यांत ओळख होती. ती माझ्यासाठी नव्हती, पण होती. नुकतीच कुणावर तरी स्थिरावून मग सैल झालेली नजर असते तशी. समोरच्या खुर्चीची बैठक अजून दबलेली होती. दोन खुर्च्यांमध्ये छोट्या टेबलावर अण्णांचा निळ्या काठाचा ग्लास होता आणि त्याच्याशी समांतर दुसरा. दुसऱ्यात तळाशी घोटभर पाणी उरलं होतं, आणि पाण्याखाली, बुडात, तो बुडबुडा.

माझा हात गेला. पाणी प्यायचं होतं, की ग्लास नुसता धरायचा होता, की भिंतीवर आपटायचा होता, मला माहीत नाही. “अं, तो नको,” अण्णा हळूच म्हणाले आणि त्यांनी तो माझ्या हाताखालून बाजूला घेतला, तळहाताने झाकला. “तो मुलाचा आहे. मावशी, यांना पाहुण्यांच्यातला द्या.” मावशींनी फुलांच्या नक्षीचा जाड, आखूड ग्लास भरून आणला. मी तो दोन्ही हातांनी धरला. अण्णा, मी म्हणणार होतो. ओठांपर्यंत आलं होतं ते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्रेमाने, एखाद्या बऱ्या दिसणाऱ्या परक्या माणसाकडे बघतात तसं, आणि सालपटं जरा पायाने बाजूला सारून मला बसायला जागा केली.

“बसा ना,” ते म्हणाले. “आमच्याकडे पहिल्यांदाच येताय?”

“हो,” मी म्हणालो. “पहिल्यांदाच.”